कडी वाजवून

म्युझियमचे चाचा कुलूप काढायच्या आधी दाराची कडी वाजवायचे. आत माणूस नाही की मांजर नाही, रात्रभर बंद असलेली खोली. तरी कुलूप एका हातात धरून तीनदा कडी वाजवायची, घसा खाकरायचा, जरा थांबायचं आणि मग किल्ली फिरवायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. चाचांनी वळून बघितलं. "कावून हासतीस गं? आत लोकांचं देव हायेत, लोकांच्या चुली हायेत. कुनाच्या घरात आसं न इचारता शिरत्यात व्हय?" मला वाटलं, म्हाताऱ्याची बोलायची तऱ्हा असेल.

आमच्या सहकारी साखर कारखान्यानं चांगल्या दिवसांत शिरूर कासारच्या रस्त्याला एक बाग काढली होती. घसरगुंडी, कारंजं, सिमेंटचा जिराफ आणि कोपऱ्यात तीन खणांचं ग्रामीण वस्तुसंग्रहालय. नारायणगडाला निघालेल्या जीपा थांबायच्या, शाळांच्या सहली यायच्या. पोरं जिराफाकडं धावायची, आयाबाया चाचांच्या खोलीत शिरायच्या. मी बी.ए. झालेली, म्हणून मला तिकिटं फाडायला आणि माहिती सांगायला नेमलं. मी रुजू झाले तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. कारंज्यात पाचोळा साचला होता, कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं आणि जिराफाचे पिवळे पोपडे निघत होते.

माहिती सांगायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही. चाचा उभ्या आयुष्यात दारोदार फिरून भांड्यांना कल्हई करत आलेले. स्टील आलं, कल्हई गेली, तेव्हा कारखान्यानं त्यांना इथं ठेवून घेतलं. हंडा उलटा केला की बुडाचा ठोका बघून तो कुणाच्या घरचा ते सांगायचे. एकदा एका सासूबाईनं घंगाळ बघून नाक मुरडलं, "आमच्याकडं याच्याहून मोठं हाय." चाचा म्हणाले, "हाय की. पर त्येला डाव्या अंगाला भोक हाय, आन् त्ये म्या दोनदा बुजिवलंय." सून पदराआड पोट धरून हसली.

प्रत्येक वस्तूला त्यांनी दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. मोट. तिफण. पायली. अक्षर मोठं, जरा उजवीकडं कललेलं. मी त्या चिठ्ठ्या रोज वाचत होते आणि समोरची बाजू तेवढी वाचत होते. माझ्या हातून जे झालं ते यातूनच झालं.

त्या हिवाळ्यात तालुक्याला मोठं सांस्कृतिक उद्यान होणार, असं ठरलं. उद्घाटनाला मंत्री येणार होते. चेअरमनसाहेबांनी निरोप धाडला, की तिकडं न्यायला म्युझियमातल्या उत्तम वस्तूंची यादी पाठवा. चाचा तापानं घरी होते. मला चेव आला. दिवसभर बसून सुबक अक्षरात यादी केली आणि सगळ्यात वर लिहिलं, 'देवांचे चांदीचे टाक, पाच, अतिशय जुने.' काचेच्या एकुलत्या कपाटात लाल फडक्यावर ते ठेवलेले असत. चेअरमनसाहेबांनी पहिली खूण त्यावरच केली. शाबासकीही दिली. ट्रक चार दिवसांनी येणार होता.

चाचा बरे होऊन आले आणि मी मोठ्या तोऱ्यात त्यांना यादी दाखवली. कपाट उघडून टाकांची चिठ्ठी त्यांनी नुसती उलटी केली. मागं लिहिलं होतं: 'कौसल्याबाईची ठेव. घराला कुलूप, मागे कोणी नाही. इथला कारखाना बंद म्हणून कर्नाटकात ऊस तोडायला गेली. आली की देणे.'

मी दुसरी चिठ्ठी उलटली, तिसरी उलटली. समईच्या मागं नाव, हंड्याच्या मागं नाव. मोट, तिफण आणि अशीच पाचपंचवीस अवजारं सोडली, तर उरलेलं म्युझियम गावोगावच्या बंद घरांतलं होतं. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत देव कुठं ठेवायचे आणि तांब्याचा हंडा कुणाच्या भरवशावर? दसरा झाला की लोक आणून द्यायचे, पाडव्याला घेऊन जायचे. "फुडची बाजू बगनाराची, मागची धन्याची," चाचा म्हणाले. मला धरणी दुभंगावी असं झालं.

"चाचा, टाक माझ्या घरी नेऊन लपवते. हरवले म्हणून सांगू."

"चोरी कावून करायची? अमानत हाय ती. उजळ माथ्यानं हितंच ऱ्हाईल."

"आणि साहेबांनी उचलून नेले तर?"

त्यांनी चिठ्ठी पुन्हा सरळ करून कपाट लावलं. उरलेले दिवस मला अन्न गोड लागलं नाही. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की मी दारापर्यंत धावत जायचे. चाचांना दुसरा आधार नव्हता, घरी चाची दम्यानं आजारी. माझ्या सुबक अक्षरापायी एका बाईचे देव जाणार होते किंवा या माणसाची भाकरी. चाचा मात्र रोजच्यासारखी कडी वाजवत होते.

ट्रक आला, मागोमाग साहेबांची जीप. "चाचा, उघडा बिगीनं, वेळ न्हाई," साहेब म्हणाले. चाचांनी कुलूप धरून कडी वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. "अरे, आत कोन हाय?" साहेब चिडले. "हायेत, साहेब," एवढंच बोलून चाचांनी दार उघडलं.

मोट, तिफण, पायली मुकाट ट्रकात चढली. मग साहेब कपाटापाशी आले. चाचांनी मला टाक काढायला सांगितलं. मी काढले.

"न्या, साहेब," चाचा म्हणाले. "म्या कोन आडवनार? पर येक करा. मंत्र्याफुडं मांडाल तवा चिठ्ठी उलटी करून लावा. बाईचं नाव तरी ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी चिठ्ठी उलटली. वाचली. 'कारखाना बंद' या शब्दांपाशी येऊन थांबले असावेत, कारण चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी हंड्याची चिठ्ठी उलटली, मग समईची. चौथ्या चिठ्ठीला हात घातला आणि न उलटताच सोडून दिला. "असे किती हायेत?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"उलटत चला की, साहेब. समदे हितलेच हायेत."

साहेब बाहेर पडले. टाक माझ्या हातात राहिले आणि मी भोकाड पसरलं. चाचा म्हणाले, "रडतीस कावून? ठिव जागंवर."

आठवड्यानं कागद आला. खोलीत चारा छावणीची वैरण ठेवायची होती आणि चाचांची गरज उरली नव्हती. त्यांनी सगळ्या ठेवी घरी नेल्या. त्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पाडवा जवळ आला तसे ते सकाळपासून फाट्यावर, मेव्हण्याच्या फळांच्या हातगाडीपाशी उभे राहू लागले. ऊसतोडीहून परतणारा ट्रक दिसला की हात करायचा, नाव पुकारायचं आणि "चला, तुमचं घर माझ्या घरी हाय," म्हणायचं. ट्रक संपले तोवर सगळं ज्याच्या त्याच्या घरी गेलं. कौसल्याबाई मात्र आली नाही. कुणी म्हणालं तिकडंच राहिली, कुणी म्हणालं आजारी पडली. पुढच्या पाडव्यालाही चाचा फाट्यावर उभे होते आणि त्याच्या पुढच्याही.

ते गेले तेव्हा मी केजला शाळेत लागले होते. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी बोलावून घेतलं. उशाशी लाल फडकं होतं. "यादी तू केलतीस," ते हळूच हसले, "आता संबाळायचं बी तूच." माझ्याकडून एवढं मागून घेणारं माणूस पुन्हा मला भेटलं नाही.

टाक आता माझ्या कपाटात आहेत. चिठ्ठीच्या मागं, त्यांच्या अक्षराखाली, मी माझा पत्ता लिहिला आहे. आजवर तीन घरं बदलली, म्हणून तीन पत्ते आहेत, दोन खोडलेले. घर सोडताना नव्या बिऱ्हाडकरूला सांगून येते, की कौसल्याबाई म्हणून कुणी, किंवा तिचं कुणी आलं, तर इकडं पाठवा. लोकांना मी वेडी वाटते. ऊसतोडीला जाताना मागं काय काय ठेवून जावं लागतं, हे माहीत असलेली माणसं मात्र हसत नाहीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी टाक पुसायला काढते. कपाट माझ्याच घरातलं आहे, किल्ली माझ्याच कमरेला आहे, तरी आधी तीनदा कडी वाजवते आणि जरा थांबते.