बहिऱ्या किसनला आलेली हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या सासूबाईंना दर अमावास्येला चिंचेवर कोणीतरी बसलेलं दिसतं. मला आजवर तिथं चिंचाच दिसल्या. तरी ही हकिकत लिहितो आहे, कारण ती भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडली.

अमेरिकेत लढाई जुंपली तशी आमच्या अमरावतीत कापूस घ्यायला आलेल्या गोऱ्या साहेबांची दाटी झाली. त्यांतल्या काहींनी बडनेऱ्याच्या रस्त्याकडेला एक मैदान धरलं. काठीनं कडक चेंडू मारायचा आणि दूरच्या खळगीत घालायचा... गोल्फ म्हणतात. तिथलं गवत कापणाऱ्यांवर मी जमादार. पण माणसं मिळतात कुठं? जो तो कापसाच्या वखारीत, नाहीतर अकोल्याला पळालेला. माझ्याकडे उरली सखू आणि तिचा नवरा किसन. लहानपणी देवी आल्या तेव्हापासून किसन ठार बहिरा. त्याच साथीत त्याची आई गेली.

साहेब लोक थांबत नसत. समोर माणूस वाकलेला दिसला तरी आधी चेंडू मारायचे, मग ओरडायचे. एकदा चेंडू किसनच्या खांद्यावर बसला; कित्येक दिवस त्याचा हात वर होईना. मी थोरल्या साहेबांना म्हणालो, "हुजूर, त्याला ऐकू येत नाही. तो बाजूला होईपर्यंत थांबत जा."

"मग ऐकणारा माणूस लाव," साहेब म्हणाले.

झालं. काठ्या वाहायला वेगळा नोकर, छत्री धरायला वेगळा, पण घटकाभर थांबायला कोणी तयार नाही. किती वेळा तेच तेच सांगायचं...

त्या दुपारी किसन पाठमोरा बसून कापत होता, मग पुढं सरकायला उठला. तेवढ्यात साहेबांनी काठी उगारली. मी लांबून ओरडलो — बहिऱ्यापुढं ओरडून काय होणार? चेंडू सुटला. आणि किसन एकाएकी विळा टाकून जमिनीला चिकटला. त्याचं डोकं जिथं होतं, तिथून चेंडू सणसणत गेला.

सखू धावत आली. काय झालं, तिनं खुणेनं विचारलं.

"मायनं हाक मारली," किसन म्हणाला. "बस खाली म्हने."

आम्ही कोणीच काही ऐकलं नव्हतं.

साहेबांना वाटलं, हे सोंग आहे. हा बहिरा नाहीच. त्यांनी बंदूक मागवली आणि किसनच्या पाठीमागं उभं राहून हवेत बार काढला. झाडावरचे कावळे उडाले, माझ्या कानांत दडे बसले. किसन आपला विळ्याची माती पुसत होता.

सखूनं त्याचा हात धरला. "ढोरालेबी कोनी असं पारखत नाही," एवढं साहेबांना बोलली आणि त्याला घेऊन निघून गेली.

दुसरं कोणी मिळेना. गवत माजलं, चेंडू हरवू लागले, तेव्हा कुठं साहेबांनी मला सखूच्या घरी धाडलं. तिची एकच अट: आमी मैदानात असलो की कोनी काठी उचलाची नाही. साहेबांनी ती मानली. माणसासाठी नव्हे, चेंडूंसाठी... पण मानली.

किसनला त्यानंतर कधी काही ऐकू आलं नाही. वैद्य म्हणतात भास, मौलवीसाहेब म्हणतात अल्लाची मेहर, साहेब म्हणतात योगायोग. मला यातलं एकही धड पटत नाही, आणि माझ्याजवळ दुसरंही काही नाही.

मागं एकदा मी सखूला सहज म्हणालो, "किसनची आई त्याच्या पाठीशी आहे, तुला कसली काळजी?"

तिनं विळा खाली ठेवला. "मेलेल्या बाईनं दरखेपी काहून यावं? तुमी कायले आहा मंग, जमादार?"