एकाच खुणेवर

पटले सर वर्गात कोणाला रोल नंबरने हाक मारत नसत. "नवेगाव बांधवाली, चष्म्यावाली, ऊठ," म्हणायचे, की मी उठायचे. दोन हजार चारचा काळ. गोंदियात एका कपड्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता.

कलेक्शन, म्हणजे प्रोग्राममधली यादी, शिकवताना त्यांनी आम्हा सगळ्यांना भिंतीशी रांगेत उभं केलं. प्रत्येक जण एक ऑब्जेक्ट. नाव, गाव, चष्मा हे त्याचे ॲट्रिब्यूट, म्हणजे खुणा. मग एकेकाला गाव विचारत निघाले आणि माझ्यापाशी नवेगाव बांध आलं तिथे थांबले. झाला शोध! "कितव्या नंबरावर आहे, कायले पायजे? रांग हालते, नंबर बदलते. खूण पकड, एकेकाले विचारत जाय, भेटला का थांब." कोणीच सापडलं नाही तर काय करायचं, तेही आधी लिहून ठेवा, असं बजावायचे. हे सांगताना मात्र त्या थट्टेखोर माणसाचा चेहरा उतरायचा.

कारण घरात होतं. त्यांचा धाकटा भाऊ गावच्या पोरांसोबत आंध्रात कामाला गेला तो परतलाच नाही. मागे म्हातारी आई आणि भावाची बायको, सुमनबाई. सरांनी लग्न केलं नाही. त्या दोघींचं सगळं तेच बघत. मग एकदा लांबच्या पोलीस ठाण्यातून निरोप आला. रुळाजवळ प्रेत सापडलंय, चेहरा ओळखू येत नाही, हातावर त्रिशूल गोंदलेला आहे. सर लहानपणापासून शिकायला बाहेर, भावाचं गोंदण त्यांनी नीट पाहिलेलं नव्हतं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, हो, त्रिशूलच. सर गेले, त्रिशूल पाहिला, हाच म्हणाले आणि तिथेच अग्नी देऊन आले. घरी तेराव्या दिवसाची तेरवी झाली. सुमनबाईंच्या बांगड्या फुटल्या.

पुढे एके दिवशी वर्गात माझ्या प्रोग्रामने भलताच माणूस काढून दिला. यादीत नवेगाव बांधचे दोघे होते आणि याने पहिला दिसला तोच उचलला. मी ते सरांना दाखवलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. वर्ग सुटल्यावर मला थांबवून म्हणाले, "त्रिशूल त आमच्या अर्ध्या गावाच्या हातावर आहे. एकाच जत्रेत, एकाच बाईनं गोंदला साऱ्यायले. मी कोनाले जाळून आलो, पोरी?"



त्यानंतर सुट्टी आली की सर गाडी पकडत, ठाणी पालथी घालत. सापडलं काहीच नाही. घरी चकार शब्द काढला नाही. आतून मात्र त्यांनी हाय खाल्ली होती. आधी आई गेली आणि दोन-तीन वर्षांत तेही गेले. मला अजून त्यांचा राग येतो, की घरात एकदा तरी मन मोकळं करायचं होतं!

सरांच्या तेरवीला मी त्यांच्या गावी गेले. सुमनबाई ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. मला राहवेना, सरांच्या मनातली ती शंका मी त्यांना सांगून टाकली. त्या जराही दचकल्या नाहीत.

"मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "तिकडून आल्याबरोबर ते बुढीले, माह्या सासूले, सांगून राहिले होते, उजव्या हातावर त्रिशूल होता म्हनून. आमच्या मानसाचा त डाव्या हातावर होता."

मग तुम्ही बोलल्या का नाहीत, मी विचारलं.

"बुढी वर्सानुवर्सं रडली नव्हती. त्या दिवशी पोटभर रडली अन् झोपली. तिले कोन्या तोंडानं सांगू? अन् नवऱ्याच्या मोठ्या भावासंगं आमच्यात बाई बोलत नाही. डोक्यावर पदर घ्याचा, ताट सरकवाचं. जे बोलाचं ते बुढीच्या तोंडून. बुढी गेली, मंग तेबी बोलनं गेलं."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"प्रेत पाहाले जायच्या आधी त्यायनं दाराआडून एवढंच विचारलं असतं, कोनता हात, त मी न बोलता हात वर केला असता."