मासे बरे आहेत

बायकोला गाठ काढायला पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा वेल्ह्याच्या घरी मी एकटा उरलो. मुलगी तिच्यापाशी होती. इथं गाय होती, मासे होते, म्हणून मला मागं राहावं लागलं.

मासे बायकोचे. घरात नळ आल्यावर परसातला जुना हौद रिकामा पडला होता. तिनं त्यात कमळ लावलं आणि पानशेतकडच्या एका बंगल्याच्या माळ्याकडून पाच-सहा केशरी मासे आणले. त्यांचे वाढत वाढत बावीस झाले. मी तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो, तरी त्या हौदाकडं कधी नीट पाहिलं नव्हतं.

जाताना ती म्हणाली, "माशांस्नी सकाळी चिमूटभर दाणे टाका. लई न्हाई."

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. स्वतःचं काही बोलायची नाही. "मासे खात्यात का?" एवढंच विचारायची. तिच्यासाठी हाताशी असलेलं एवढंच एक काम म्हणून मी ते मन लावून करू लागलो. चिमटीची मूठ झाली. दाणे संपले तेव्हा भात टाकला, भाकरीचा चुरा टाकला.

अशातच मुलीचा फोन आला. गाठ साधी नव्हती. "आईला एवढ्यात सांगू नका, आबा. खचेल ती."

मी बरं म्हणालो. फोन ठेवून परसात गेलो आणि त्या दिवशी माशांना चारदा खायला घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मला वाटलं, भुकेले आहेत. मी आणखी भात टाकला. तिसऱ्या दिवशी दोन उलटे तरंगत होते. धरणात जाळं टाकणारा शेजारी दूध न्यायला आला होता, त्याला दाखवलं. त्यानं हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं.

"भाऊसाहेब, ही भूक न्हाई. दम कोंडलाय त्यांचा. तळाला समदं कुजलंय."

आम्ही दोघांनी दुपारपर्यंत बादल्यांनी अर्धं पाणी उपसलं, तळाचा गाळ काढला, विहिरीचं पाणी ओतलं. तरी दोन दिवसांत सातच उरले. मेलेले मी पपईखाली पुरले.

संध्याकाळी फोन आला. "मासे बरे हायेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

आठवड्यानं ती घरी आली. उंबऱ्याशी न थांबता सरळ परसात गेली आणि हौदाच्या कठड्याला धरून बराच वेळ पाण्यात बघत राहिली.

"बाकीचे कुठं गेले?"

मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "मग फोनवर का न्हाई बोललात?"

"तुला त्रास नको म्हणून."

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. "माझ्या तब्येतीचं बी असंच चाललंय का तुमचं?"

मागच्या दारात मुलगी पिशव्या घेऊन उभी होती. तिनं मला मान हलवून नको म्हटलं. ते मला दिसलं. तरी मी बायकोला खरं सांगून टाकलं. मुलगी पिशव्या तिथंच ठेवून आत गेली.

बायको धुण्याच्या दगडावर बसली. म्हणाली, "परत कधी जायचं?"

"सोमवारी."

"बरं."

मुलगी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आई त्या दिवसापासून नीट जेवत नाही, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी केलं ते बरोबर होतं का, मला अजून ठरवता येत नाही.

आता उपचार चालू आहेत. प्रत्येक रिपोर्ट बायको माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेते, अडलेल्या शब्दाचा अर्थ मुलीला विचारायला लावते. परवा एका ओळीशी येऊन मी थांबलो.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचली.