जाळं वर येण्याआधी

कोचीच्या किनाऱ्यावर मासेमारीचं ते भलंमोठं चिनी जाळं नुकतंच पाण्यात उतरलं होतं. "वर येईपर्यंत थांबू या," मी म्हटलं. ह्यांनी घड्याळ पाहिलं. "नको, रस्त्यात ट्रॅफिक लागला तर?"

आम्ही ज्या मोठ्या बोटीने समुद्रप्रवासाला निघालो होतो, ती इथे संध्याकाळपर्यंत थांबणार होती. बोटवाल्यांच्या सहलीत घोळक्याने हिंडायला नको, सावकाश बघू, म्हणून ह्यांनी घरूनच फोनवर टॅक्सी ठरवली होती. पण सहलीला गेलेल्यांसाठी बोट थांबते, आपल्यासाठी थांबणार नाही, असं सकाळी कुणीतरी सांगितलं आणि ह्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एसटीसाठीसुद्धा आम्ही तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारी माणसं.

जेवणाच्या वेळेआधीच बंदरावर परतलो. टॅक्सीवाला आमच्याकडे बघतच राहिला.

आता बाकावर बसून घरच्या दशम्या खातो आहोत. समोर बोट ढिम्म उभी आहे. फारसं चाललो नाही, तरी अंग आंबून गेलंय. आयुष्यभर आम्ही असेच वेळेआधी पोचलो आणि मग वाट बघत बसलो.

"बघ, चुकली नाही ना बोट?" हे म्हणाले. खरोखरच सुटका झाल्यासारखा चेहरा होता त्यांचा. "नाही चुकली," मी म्हटलं आणि दशमीचा तुकडा मोडून त्यांना दिला.

एव्हाना जाळं वर आलं असेल.