दुसऱ्याची डिस्क

आमचे हे, राजाराम शेलार, फौजेत सुभेदार. स्टोअर सांभाळायचे. तिथला साधा स्क्रूसुद्धा सही केल्याशिवाय कधी हलला नाही. निवृत्तीनंतर आम्ही लखनऊतच, जानकीपुरमला राहिलो आणि मराठी मंडळाचं काम ह्यांच्या गळ्यात पडलं.

ह्यांचा लॅपटॉप जुना, विंडोज त्यात आधीपासूनच घातलेली. ती बिघडली तेव्हा दुकानदार म्हणाला, "अंकल, इसी लैपटॉप वाली डिस्क लाइए, दूसरी पर आपका विंडोज वाला नंबर नहीं चलेगा." पण ह्यांना आपला माणूस हवा ना! मंडळातल्या प्रसन्नला बोलावलं. काका-काकू करत आला, माझ्या थालीपिठांवर ताव मारला आणि स्वतःजवळची डिस्क घालून विंडोज नव्याने टाकून दिली.

"ही डिस्क चालेल ना रे?" ह्यांनी विचारलं.

"सगळ्या सारख्याच असतात, काका. एकदम अस्सल आहे."

ह्यांना तेवढं पुरलं. आपला मराठी मुलगा खोटं कशाला बोलेल?

गणपतीत हे मंडळाचे जुने फोटो पडद्यावर दाखवत होते. मधेच पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात अक्षरं उमटली, की विंडोजची ही प्रत अस्सल नाही. हॉलभर हशा पिकला. ह्यांनी पहिल्या रांगेतल्या प्रसन्नकडे पाहिलं.

आमच्याशी आजवर हिंदीचा एक शब्द न बोललेला तो मेला उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "अरे अंकल, ये चोरी का माल किससे डलवा लिया?"