त्याचं एक चांगलं सांग

इन्स्पेक्टरकाकांसमोर कुणाबद्दल तक्रार करायची सोयच नव्हती. आपण तावातावाने बोलत असावं आणि काकांनी बोट वर करून म्हणावं, "बरं. आता त्याचं एक चांगलं सांग." सांगितल्याशिवाय पुढे बोलू द्यायचे नाहीत. डोंबिवलीला माझ्या माहेरच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहायचे आणि आमच्याच चर्चमध्ये यायचे, त्यामुळे जिन्यात काय नि रविवारी काय, माझी सुटका नव्हती.

लग्नाआधी एकदा प्लंबरने आम्हाला तीन दिवस टांग दिली. बादल्या वाहून माझे खांदे भरून आले होते. जिन्यात मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, तर काकांचं बोट वर. "शीळ छान घालतो," मी दात-ओठ खाऊन म्हटलं. काका खूश. म्हणाले, "बघ, तुझं लक्ष होतं." नळ कोरडा तो कोरडाच.

चर्चमध्येही तेच. एकदा पाळकसाहेबांचा संदेश सव्वा तास चालला. पोटात कावळे ओरडत होते. बाहेर येऊन मी तोंड उघडलं, तर काका म्हणतात, "त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ येतो." अहो, तेच तर दुखणं आहे! पण त्यांना विनोद कळायचा नाही, किंवा कळूनही न कळल्यासारखं करायचे.

गंमत म्हणजे या माणसाने नोकरीभर दोषच काढले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम, म्हणून तर ते इन्स्पेक्टर. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत. "मग माणसांतले दोष तेवढे दिसत नाहीत का तुम्हाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"दोष काढायचा मला पगार मिळायचा," ते म्हणाले. "फुकट कशाला काढू?" पुढे, देवाने मन दिलंय ते चांगल्यावर ठेवायला, शास्त्रात तसंच सांगितलंय, हे होतंच. मला वाटायचं, पोळलेल्या माणसाचं दुःख यांना काय कळणार.

मग मीच पोळले. नवरा मारायचा. दीड वर्ष झाकलं आणि एक दिवस कल्याणहून बॅग घेऊन माहेरी निघून आले. आठ दिवसांत सासूबाई आणि नवरा पाळकसाहेबांना घेऊन समेटाला हजर. बाबांनी चर्चमधले वडीलधारे म्हणून काकांना खाली बोलावलं. मी आईला म्हटलं, "त्यांना कशाला? ते याचंही एक चांगलं काढतील आणि मला परत पाठवतील."

आणि काढलंच. सासूबाईंनी मुलाची भक्ती ऐकवली, पाळकसाहेब क्षमेवर बोलले, मग सगळे काकांकडे बघू लागले. "मुलगा गातो सुरेख," काका म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार, तेवढ्यात त्याच संथ आवाजात ते पुढे म्हणाले, "आणि बायकोला मारतो. तिच्या मनगटाचं प्लास्टर बघा. कशावर मन ठेवायचं त्याची शास्त्राने यादी दिलीय पाळकसाहेब, त्या यादीत 'जे खरं ते' सगळ्यात आधी येतं. मुलगी जाणार नाही."

सासूबाई चहा न घेता उठल्या. काकांनी संसार मोडला म्हणून चर्चमधले बरेच जण त्यांच्याशी बोलेनासे झाले. काकांनी कुणाविरुद्ध चकार शब्द काढला नाही. मला तर त्याचाही राग यायचा.

आणि मी सुटून आले खरी, पण सुटले कुठे? उठता-बसता मनात तोच माणूस आणि त्याला शिव्या. काका एकदा दारात थांबून म्हणाले, "रागावू नकोस असं म्हणत नाही गं. पण मन तुझं आहे. ते त्याच्या नावावर करू नकोस."

"तुम्हाला बोलायला काय जातंय," म्हणून मी दार लावून घेतलं.

सहा-सात महिने गेले. एका संध्याकाळी मेथी निवडताना लक्षात आलं, आज अख्ख्या दिवसात तो मनात आलाच नाही. सकाळपासून मी संडे स्कूलच्या पोरांना नाताळात काय गायला लावायचं, याचाच विचार करत होते. मेथी तशीच टाकून काकांना सांगायला वर धावले. दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुपारी छातीत दुखायला लागलं, भाच्याने हॉस्पिटलात नेलंय.

काका परत आले नाहीत. आयुष्यभर हा माणूस माझ्या तोंडून काहीतरी बरं ऐकायला टपलेला. आणि कधी नव्हे ते मी आपणहून सांगायला गेले, तर घरी नाही. अजून राग येतो मला त्यांचा.