बर्फावरचा नारळ

आर्क्टिकमध्ये जाऊन आलेला माणूस म्हणून सिंगापूरच्या मराठी मंडळींत मला थोडा मान आहे. तो मिळवायला मी नेमकं काय केलं हे कुणी खोलात जाऊन विचारत नाही, ते बरंच आहे. मी मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर आहे. जहाज बर्फातून चाललं होतं तेव्हा मी बहुतेक वेळ तळाच्या इंजिनरूममध्ये घामाने निथळत होतो. माझ्या लेखी आर्क्टिक म्हणजे पत्र्यापलीकडून येणारा आवाज, वरच्या फ्लॅटमध्ये कुणी लोखंडी कपाट सरकवावं तसा. दिवसभर सरकवत होते.

निघताना बायकोने नारळ दिला. ती मुरुडची, माहेरी मासेमारीच्या होड्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय त्यांच्याकडे होडी पाण्यात लोटत नाहीत. मी पडलो पुण्याचा. श्रद्धा कशावर नाही आणि मत प्रत्येक गोष्टीवर.

"जहाजाला दोन रडार आहेत," मी म्हणालो.

"असू देत. पौर्णिमेला हा समुद्रात सोड."

शेंडीचा नारळ हवा म्हणून ती आमच्या घरून, सेंगकांगहून, लिटिल इंडियापर्यंत जाऊन आली होती. या खेपेला ती घाबरली होती. बर्फात अडकलेल्या जहाजांचे व्हिडिओ तिने नको तितके पाहिले होते. मी आणखी वाद न घालता नारळ बॅगेत ठेवला.

पौर्णिमा आली तेव्हा आम्ही खरोखरच अडकलो होतो. वाऱ्याने बर्फाच्या लाद्या ढकलत आणून जहाजाभोवती गच्च बसवल्या होत्या आणि बर्फ फोडणारं जहाज यायला अवकाश होता. मी दोन स्वेटर, त्यावर जाड जॅकेट असा गादीसारखा फुगून डेकवर आलो, कुणी बघत नाही याची खात्री करून हात जोडले आणि नारळ सोडला. त्याने एक टप्पा खाल्ला, थोडा घरंगळला आणि बर्फावर ऐटीत बसला. एवढा शिकलेला माणूस मी, पण समुद्राला नारळ द्यायचा तर आधी समुद्र लागतो, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

बायकोचा मेसेज आला, "घेतला का समुद्राने?" मी फोन खिशात घातला.

जेवताना कॅप्टनने विचारलं, बर्फावर ते तपकिरी काय पडलंय. ध्रुवीय समुद्रात बर्फावर अन्नाचा कचरा टाकायला सक्त मनाई आहे. मी त्याला श्रावण, पौर्णिमा, सासरच्या होड्या, सगळं समजावून सांगितलं. जन्मात प्रथमच मी धर्माच्या बाजूने बोलत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण खाता येतो ना?"

खाता येतो, मी कबूल केलं.

"मग वर आणायला हवा."

बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या फिलिपिनो म्होरक्याने, लांब काठीला जाळी बांधून प्रयत्न केला. नारळ आणखी पलीकडे गेला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मीच उतरतो असं मी म्हणून बसलो. विकतचं दुखणं. मला नारिंगी सूट चढवला, कमरेला दोर बांधला आणि दोराच्या शिडीवरून खाली सोडलं. ऑगस्टमधली थंडी तशी सौम्य असते, असं कॅप्टनचं मत होतं. त्या सौम्य थंडीने माझे दात कडकड वाजत होते.

नारळ उचलला तेव्हा वरून टाळ्या पडल्या. मीही तो चषकासारखा उंच धरून दाखवला. परत येऊन शिडीला डावा हात घातला, तेवढ्यात पायाखालची लादी सरकली आणि माझा पाय मांडीपर्यंत पाण्यात गेला. एका बाजूला जहाजाचं पोलाद, दुसऱ्या बाजूला परत येणारी लादी, मधे मी. पाचावर धारण बसली. बोसन ओरडत होता, ते टाक आणि दोन्ही हातांनी शिडी धर. ऐकू येत होतं, कळतही होतं, पण उजवा हात नारळ सोडेना. डावा निसटायला लागला तेव्हा कुठे नारळ सुटला. मला पोत्यासारखं वर ओढलं. खाली बघितलं तर लादी जहाजाला येऊन चिकटली होती आणि नारळ दिसत नव्हता.

बायकोला कळवलं, "घेतला."

परतल्यावर बुकित पंजांगच्या मित्राकडे मी हा किस्सा रंगवून सांगितला. कॅप्टनच्या प्रश्नाला मंडळी पोट धरून हसली. आमची मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू ऑलमोस्ट डाइड फॉर वन कोकोनट, लाह." बायको हसली नाही. पायाचं मी तिला सांगितलंच नव्हतं; तिथे, सगळ्यांसोबत, तिने पहिल्यांदा ऐकलं.

घरी जाताना लिटिल इंडिया स्टेशनला मेट्रो बदलायची असते. सरकत्या जिन्यावर ती माझ्या पुढच्या पायरीवर होती.

"तू सोडत का नव्हतास?" तिने मागे न बघता विचारलं.

"तू दिला होतास म्हणून."

जिना संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"अरे, तू परत यावास म्हणून दिला होता," ती म्हणाली.

गाडीत बसायला जागा होती. ती बसली नाही, आणि तिने माझा उजवा हात धरून ठेवलेला असल्यामुळे मलाही सेंगकांगपर्यंत उभंच राहावं लागलं.